एकेचाळीस चित्रं

सायकल स्टँडला लावायच्या आधीच सर ऑफिसच्या खिडकीशी येऊन विचारत, "आप्पा, टपालात काही उनं का?"

आप्पा म्हणजे आमच्या शाळेचे क्लार्क. ते मान वर न करता सांगत, "काही नही उनं सर. जा वर्गावर." मगच सायकलला कुलूप लागे. एखाद्या दिवशी आप्पा जागेवर नसले तर सर सायकलचं हँडल धरून तिथेच उभे राहत. घंटा होई, प्रार्थना सुरू होई, मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंनी पळत जात, आणि ते रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे.

ते आमचे चित्रकलेचे शिक्षक. पारोळ्याजवळच्या एका गावातलं हायस्कूल, नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी धुळ्याहून रोज एसटीने येणारी, विज्ञान शिकवणारी, शाळेतली सगळ्यात नवी बाई. माझी नोकरी कायम व्हायची होती. पहिल्याच आठवड्यात मी आप्पांना विचारलं, "सर रोज कशाची वाट बघतात?"

"वाट नाही बघत. घाबरतात," आप्पा म्हणाले. "अतिरिक्तच्या पत्राला."

शाळेतल्या नोकरीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा शब्द सांगायला नको. मुलांचा पट कमी झाला की तुकडी बंद होते, आणि तुकडी बंद झाली की एक शिक्षक जास्तीचा ठरतो. मग त्याला जिल्ह्यात कुठेतरी पाठवतात. चित्रकलेच्या शिक्षकावर ही पाळी आधी येते. सर एकदा असे जामनेरकडून उचलले जाऊन आमच्याकडे आले होते. त्याला नऊ वर्षं झाली होती, तरी त्यांनी भाड्याच्या खोलीत भिंतीला एक खिळा ठोकलेला नव्हता. कॅलेंडर कणगीला टेकवून ठेवलेलं असे. सरांच्या बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "देवाचा फोटोबी डब्यावर उभा शे. रोज पडस, रोज उभा करस."

दिसायला अगदी साधे. उंच, पण उंची लपवायची असल्यासारखे मान पुढे काढून चालणारे. फळ्यावर हाताने काढलेलं वर्तुळ कंपासने काढल्यासारखं येई, आणि काढून झाल्यावर ते स्वतःच त्याच्याकडे संशयाने बघत, "बरं आहे ना?" पाचवीतली पोरं ओरडत, "बेस शे सर!" तेवढ्यानेही त्यांचं समाधान होत नसे.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती हृदयामुळे. आठवी ब च्या मुलांना हृदयाचे चार कप्पे तोंडपाठ होते. पण एका मुलीने उभं राहून विचारलं, "मॅडम, रक्त उलटं का नाही जात?" मी पुस्तकातलं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. ती खाली बसली, पण तिला कळलं नव्हतं हे मला कळलं. मधल्या सुट्टीत मी सरांकडे गेले आणि हृदयाचा मोठा तक्ता काढून मागितला.

"तक्ता काढतो की," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून हळूच, "पण ताई, तक्त्यात ते हलणार नाही."

दोन दिवसांनी त्यांनी मला वर्गाच्या दाराआड बोलावलं आणि पिशवीतून एक जाडजूड गठ्ठा काढला. जुन्या सायक्लोस्टाईल प्रश्नपत्रिकांचे हाताच्या पंजाएवढे तुकडे, कोरी बाजू वर, एका कडेला गोणी शिवायच्या दोऱ्याने शिवलेले. प्रत्येक तुकड्यावर शाईने काढलेलं हृदय. त्यांनी अंगठ्याने पानं भराभर सोडली आणि माझ्या डोळ्यांसमोर ते हृदय आकसलं, फुगलं, झडप उघडली, रक्ताचे ठिपके आत आले, झडप मिटली.

मी म्हटलं, "सर, हे तुम्ही कधी शिकलात?"

"शिकलो नाही. करून पाहिलं," ते म्हणाले. "कुणाला सांगू नका. कागद शाळेचे आहेत."

वर्गात तो गठ्ठा हातोहात फिरला. घामेजल्या अंगठ्यांनी त्याच्या कडा काळ्या झाल्या. त्या मुलीने तो तीनदा सोडून पाहिला, आणि मग मराठीत उत्तर द्यायचं विसरूनच गेली. म्हणाली, "झडप बंद व्हई जास, म्हनीसन रगत मांगे नही जात!"

बाहेर व्हरांड्यात सर उभे होते. ते ऐकायला आले होते की कागदांसाठी कुणी ओरडतंय का ते बघायला, हे सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

त्याच वर्षी शाळेला देणगीत एक कॉम्प्युटर मिळाला. नारळ फोडून उद्घाटन झालं, डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक निघालं, आणि मुख्याध्यापकांनी त्याला कुलूप लावलं. खोलीत जायचं तर चपला बाहेर आणि पाय धुऊन. मुलांना तो खिडकीतून दाखवला जाई, तोही झालर लावलेल्या कापडाखाली. तुम्हीही अशा खोल्या पाहिल्या असतील. वापरल्याने वस्तू बिघडते यावर तिथे सगळ्यांचा विश्वास असतो.

धुळ्यात आमच्या घराजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता. तिथल्या बाईंना मी सरांच्या गठ्ठ्याबद्दल सांगितलं, तर त्यांनी मला एक फ्लॉपी दिली. त्यात एक साधा प्रोग्रॅम होता. पडद्यावर एकेक चित्र काढून ठेवायचं, आणि तो ती चित्रं एकामागून एक दाखवायचा. बस, एवढंच. मी मुख्याध्यापकांना गळ घातली. ते म्हणाले, "शनिवारी शाळा सुटल्यावर. आणि काही झालं तर तुम्ही दोघं जबाबदार."

हे 'तुम्ही दोघं' सरांच्या जिव्हारी लागलं. पहिल्या शनिवारी त्यांनी माऊसला हातच लावला नाही. दुसऱ्या शनिवारी रुमालाने तळवा पुसून लावला, तर बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. "पळालं ताई, हे पळालं!" मी त्यांना पुसायचं कसं ते दाखवलं. काढलेली रेघ गेली, पडदा कोरा झाला. ते कितीतरी वेळ त्या कोऱ्या पडद्याकडे बघत राहिले.

"डाग राहत नाही?"

"नाही राहत."

"मग हरकत नाही," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

त्यानंतर ते मला विचारेनासे झाले. दिवाळीपर्यंत त्यांनी तो प्रोग्रॅम चालवण्यातल्या माझ्या दोन चुका दुरुस्त केल्या होत्या, त्याही माफी मागत.

पुढची कल्पना त्यांची. आठवीला बीज रुजण्याचा धडा होता. त्यांनी मुलांना सरकी ओल्या गोणपाटात ठेवायला लावली आणि रोज वहीत चित्र काढायला सांगितलं. मग वर्गातल्या प्रत्येकाने कॉम्प्युटरवर एक चित्र काढायचं. एका मुलाचं एक चित्र, हजेरीच्या क्रमाने. "आपल्या आधीच्याचं बघायचं," ते प्रत्येकाला सांगत, "आणि केसभरच पुढं जायचं. जास्त नाही." पाय धुऊन, हात शर्टाला पुसत मुलं एकेक करून आत येत. कुणी श्वास रोखून धरी, कुणाची जीभ बाहेर येई. आधी मूळ येतं की पान यावरून दोन मुलींचं भांडण झालं, आणि ते मिटवायला सगळा वर्ग गोणपाट उलगडून बघायला पळाला.

पट मात्र सरांच्या मनातून जात नव्हता. आठवी ब च्या हजेरीपटावर बावन्न नावं होती, वर्गात मुलं एकोणचाळीस. वर्गशिक्षक मी. उरलेल्या तेरा नावांपुढे रोज हजेरी लावायची, असं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी लावत होते. कारण विचारलं नाही असं नाही. विचारलं, आणि "तुम्हाला कायम व्हायचंय ना?" हे उत्तर घेऊन गप्प बसले.

सर त्या तेरा नावांची यादी खिशात घालून रविवारी सायकलवर निघत. आजूबाजूच्या चार गावांत फिरले. एका सोमवारी भलत्याच गंभीर चेहऱ्याने मला म्हणाले, "ताई, त्या गल्लीत त्या आडनावाचं घरच नाही." दुसऱ्या नावाचा मुलगा कधीच मोठा होऊन, लग्न करून सुरतेला गेला होता. पण कापूस वेचायला जाणाऱ्या दोन मुली मात्र खऱ्या सापडल्या. सर त्यांच्या बापाच्या ओट्यावर दोन रविवार बसले. काय बोलले माहीत नाही. त्यांना फारसं बोलता येत नसे. पण तिसऱ्या सोमवारी त्या दोघी वर्गात येऊन बसल्या. एकोणचाळिसाची एकेचाळीस मुलं झाली. त्या दोघींनी शेवटची दोन चित्रं काढली, दोन दलं पूर्ण उघडतात ती.

ज्या दिवशी सगळी चित्रं पहिल्यांदा एकापाठोपाठ चालवली, त्या दिवशी आठवी ब ची मुलं त्या खोलीत खांद्याला खांदा लावून उभी होती. सरकी फुगली, फाटली, मूळ खाली गेलं, मग वाकलेल्या मानेचा कोंब वर आला. मध्येच एकाने पान फार मोठं काढलं होतं, तिथे रोप दचकल्यासारखं झालं. "हालनं! हालनं!" असा ओरडा झाला. एक पोरगी म्हणाली, "कोंब सरांसारखा चालतो," आणि सगळे हसले. सरही हसले. पण हसतानासुद्धा त्यांचं एक बोट ओठांवर आणि लक्ष दाराकडे होतं.

फेब्रुवारीत पट तपासायला जळगावहून अधिकारी येणार असं कळलं. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं. अधिकाऱ्यांना कॉम्प्युटरवरचं ते रोप दाखवायचं, म्हणजे शाळेचं नाव होईल, असं त्यांनी ठरवलं होतं. "प्रत्येक विद्यार्थ्याचं एक चित्र आहे ना? मग बावन्न करून टाका. अकरा तुम्ही काढा सर. तुमच्या हाताला काय जड आहे?" आणि मग आवाज उतरवून, "तुकडी गेली तर कोण जाईल, तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

मधल्या सुट्टीत सर माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"अकरा चित्रं मी घंटाभरात काढीन ताई. पण कोणाची म्हणून काढू? केसभर पुढं जायचं तर मागे कोणीतरी पाहिजे ना."

मी काय म्हणाले ते मला लख्ख आठवतं, आणि ते लिहिताना आजही बरं वाटत नाही. मी म्हणाले, "काढून टाका सर. आपल्याला नोकरी करायची आहे."

त्यांनी मान हलवली. "हां. बरोबर शे."

तपासणीच्या दिवशी सकाळी ते नेहमीपेक्षा तासभर आधी आले. आप्पांना त्यांनी काही विचारलं नाही. मला म्हणाले, "सायकलवर म्हणतच आलो. बावन्न, बावन्न, बावन्न. आता विसरणार नाही."

अधिकारी शांत माणूस होता. वर्गात येऊन त्याने मला विचारलं, "पट किती?" मी सांगितलं, बावन्न. "अकरा जण दिसत नाहीत." मुख्याध्यापक म्हणाले, लग्नसराई आहे साहेब. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, निभावलं.

मग त्याला कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. त्याने बूट काढले, पाय मात्र धुतले नाहीत. सरांनी कळ दाबली. सरकी रुजली. अधिकारी खुर्चीतून पुढे झुकला. "परत दाखवा." सरांनी परत दाखवलं. तो खरंच खूष झाला होता. म्हणाला, "हे मुलांनी केलं?"

"हो साहेब. एका मुलाचं एक चित्र."

"वा. चित्रं किती आहेत?"

त्याच्या मनात काही नव्हतं, असं मला अजून वाटतं. कौतुकानेच विचारलं. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मुख्याध्यापक सरांकडे बघत होते, मी सरांकडे बघत होते. सरांनी पडद्यावरच्या रोपाकडे पाहिलं. मग म्हणाले,

"एकेचाळीस."

"म्हणजे साहेब, काही मुलांची अजून व्हायची आहेत," मुख्याध्यापक घाईने म्हणाले.

अधिकारी सरांकडेच बघत होता. "व्हायची आहेत का?"

"नाही साहेब. वर्गात एकेचाळीसच मुलं आहेत. सगळ्यांची झाली."

एवढं बोलून सर खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवरच, भिंतीला पाठ लावून, उन्हातून आलेला माणूस बसतो तसे. अधिकाऱ्याने समोर आलेला चहा तसाच ठेवला.

त्यानंतर स्टाफरूममध्ये सरांशी कुणी बोललं नाही. मीही नाही. मला नोटीस आली होती, कायम होणं एक वर्ष पुढे गेलं होतं, घरी वडील रोज विचारत होते. माझ्या मनात राग होता, आणि तो ज्याच्यावर असायला हवा त्याच्यावर नव्हता. चौथ्या दिवशी मी फाट्यावर बसची वाट बघत उभी होते, तर सर सायकल हातात धरून चालत आले. मला वाटलं, समजावतील. ते म्हणाले, "ताई, तुमचं नुकसान झालं माझ्यामुळं. माफ करा."

मी चिडून म्हणाले, "मग का बोललात? ठरवलं होतं ना?"

"ठरवलंच होतं," ते म्हणाले. "पट किती विचारलं असतं तर बावन्न म्हणणार होतो, आईशप्पथ. पण त्यांनी चित्रं किती विचारलं. ती अकरा माझ्या हातून झालीच नव्हती. चित्रं मला माहीत होती ना. एकेकाच्या मागं उभा राहिलो होतो मी." मग म्हणाले, "त्या दोन पोरींना ओट्यावर बसून शाळेत आणलं. तेरा खोट्यांतल्या दोन खऱ्या केल्या. मग त्या उरलेल्या अकरांच्या रांगेत कशा बसवू?"

बस आली. मी चढले. "येते" असंसुद्धा म्हणाले नाही.

एप्रिलमध्ये ते पत्र आलं. आप्पा स्वतः उठून पाचवीच्या वर्गापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी त्यांना दिलं. सरांनी वाचलं, घडी घातली आणि फळ्यावर अर्धवट राहिलेलं घड्याचं चित्र पूर्ण केलं. चाळीसगाव तालुक्यातलं, डोंगराकडचं गाव होतं. भीती गेली असं नाही. ती फक्त दुसऱ्या गावची झाली. बस किती वाजता असते, पाणी कुठून आणतात, तिथले मुख्याध्यापक कसे आहेत, हे ते महिनाभर ज्याला त्याला विचारत होते. मलाही विचारलं. तेव्हा मी बोलले. उशिरा का होईना, त्या फाट्यावर मागायची होती ती माफीही मागितली. त्यांनी गडबडून हात जोडले आणि विषय बदलला.

तीन वर्षांनी जळगावला दहावीच्या पेपर तपासणीत ते मला दिसले. केस पांढरे झाले होते. मी विचारलं, "चित्रं हलतात का तिकडे?"

"वीजच चार तास असते ताई. कॉम्प्युटर कुठला!" ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "पण एक केलंय. पाचवीची पोरं पाटीवर एकेक चित्र काढतात आणि पाटी धरून मैदानात ओळीने उभी राहतात. ज्याला बघायचं त्यानं ओळीच्या पुढून पळायचं. आमच्याकडे चित्र हलत नाही, पोरं हलतात."

"आणि दिसतं हललेलं?"

"मला तर नाही दिसत," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "पोरं म्हणतात दिसतं. त्यांचे पाय चांगले आहेत."

निघताना त्यांनी माझ्याकडे, आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक कुणाकडे, काहीतरी मागितलं. पाटीवरच्या पेन्सिलींचं एक खोकं. गावात मिळत नाहीत, फार मोडतात. मी पाठवलं. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलं, ते परत आलं. सोबत तिथल्या मुख्याध्यापकांचं दोन ओळींचं पत्र होतं. श्रावणात, शाळेत असतानाच, छातीत कळ येऊन सर गेले. खोकं त्यांच्या नावावर असल्यामुळे फोडता येत नाही, सबब परत करत आहोत.

मी ते खोकं पिशवीत घालून स्वतःच गेले. चाळीसगावहून एक बस, पुढे जीप. शाळा म्हणजे चार खोल्या आणि लिंबाची दोन झाडं. मुख्याध्यापकांनी पेन्सिली वाटायला लावल्या. मी सरांची कोण, असं मुलांनी विचारलं, तर मी म्हणाले, त्यांच्या शाळेतली.

तेवढं पुरलं. पोरं पाट्या घेऊन मैदानात धावली आणि कुणी न सांगता ओळीत उभी राहिली. पहिल्या पाटीवर पाण्यात उभा बगळा होता. दुसऱ्या पाटीवर त्याने पंख जरासे उचलले होते. ओळ लांब होती, लिंबापासून थेट कुंपणापर्यंत.

"पया मॅडम!" एक मुलगी म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली, साडीचा पदर खोचला आणि पळाले. पाट्या, हात, चेहरे, ऊन, सगळं एकमेकांत मिसळलं. टोकाला पोचले तेव्हा मला धाप लागली होती.

"उडना का बगळा?" सगळ्यांनी एकदम विचारलं. उत्तरासाठी माझ्याकडे बघणारे तीसेक चेहरे. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही दिसला रे," मी म्हणाले.

"मंग आखो पया," ती मुलगी म्हणाली. "जोरमा."

मी वळले आणि पुन्हा पळायला लागले.